बाहुली बनवताना इंग्रजी: चार ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी

लहान मुलांच्या इंग्रजीच्या तासाला बाहुल्या करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. पाऊण तास कागद, डिंक आणि कात्री यांत जातो. तेवढा वेळ सगळं बोलणं मातृभाषेत चालतं. शेवटची पाच मिनिटं उरली की कोणीतरी म्हणतं, ‘‘चला, आता बाहुलीकडून हॅलो म्हणवून घ्या.’’ बाहुल्या सुरेख होतात आणि इंग्रजी दोन शब्दांवर आटोपतं. हस्तकलेचा तास म्हणून त्यात काही वावगं नाही. पण इंग्रजी शिकवायचं असेल तर या तासाची मांडणीच बदलावी लागते.

बाहुली तयार होण्याआधीचा वेळ भाषेसाठी जास्त मोलाचा असतो, असं माझं ठाम मत आहे. त्या वेळी मुलाला खरोखर काहीतरी हवं असतं: लाल कागद, थोडी लोकर, शेजारच्याकडे अडकलेली कात्री. ‘कॅन आय हॅव द वूल, प्लीज?’ हे वाक्य फळ्यासमोर उभं राहून म्हणायला मुलाकडे काही कारण नसतं. बाहुलीचे केस अर्धेच चिकटले असतील तर ते कारण आपोआप तयार होतं. म्हणून हा लेख बाहुली ‘करण्या’वर जास्त आणि ‘नाचवण्या’वर कमी आहे.

## आधी वाक्यं ठरवा, साहित्य नंतर

साहित्य जमवायच्या आधी एक कार्ड घ्या आणि या तासाला कोणतं इंग्रजी कानावर पडणार, कोणतं मुलांच्या तोंडून येणार, ते लिहून काढा. हे दोन वेगळे हिशेब आहेत. मूल जेवढं बोलू शकतं त्याच्या कितीतरी पट जास्त त्याला समजतं.

ऐकण्याच्या यादीत कामाच्या सूचना येतात: कट, फोल्ड, स्टिक, ड्रॉ, प्रेस, ओपन, टर्न इट ओव्हर, वेट. सात-आठ पुरेत. त्या मुलांनी म्हणायची गरज नाही, ऐकून तसं केलं की झालं. बोलण्याच्या यादीत एक मागणीचं वाक्य आणि एक वर्णनाचं वाक्य ठेवा. मागणीचं ‘कॅन आय हॅव द... , प्लीज?’ आणि वर्णनाचं ‘इट हॅज...’. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मागणी ‘ग्लू, प्लीज’ एवढीच ठेवली तरी चालते.

नामं चेहऱ्यावरूनच मिळतात: आइज, इअर्स, नोज, माउथ, हेअर. चेहऱ्याचा आणखी एक फायदा असा की त्यात अनेकवचन फुकट शिकवून होतं. नाक एक, तोंड एक. डोळे दोन, कान दोन. ‘वन नोज, टू आइज’ म्हणताना ‘आइज’चा शेवटचा ज (z) मुद्दाम जरा लांबवा, नियम सांगू नका. सहा वर्षांच्या पुढच्यांना बिग, स्मॉल, लाँग, शॉर्ट आणि तीन-चार रंग जोडा. पाच नामं, चार विशेषणं आणि चार रंग एवढ्यावर मूल बरंच काही बोलू शकतं. त्याहून जास्त घेतलं तर काहीच पक्कं होत नाही.

कार्ड प्रत्यक्ष लिहाच. गोंगाट वाढला, डिंक सांडला की आपलीच जीभ पहिल्यांदा मातृभाषेकडे वळते. समोर कार्ड असलं की परत येता येतं.

## कोणती बाहुली निवडावी

बोटात घालायच्या बाहुल्या दिसायला गोंडस असतात, पण पाच वर्षांच्या मुलाला एवढंसं कापणं-चिकटवणं जमत नाही आणि शेवटी ते काम मोठ्यांवर येतं. काडीला चिकटवलेलं चित्र, म्हणजे काठीबाहुली, सर्वांत सोपी. चार वर्षांच्या मुलांना तीच द्या. तिचं तोंड हलत नाही एवढीच उणीव. शिवलेली हातबाहुली मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे. मोज्याची बाहुली उत्तम, पण ती मी शिक्षकाच्या हातासाठी राखून ठेवते. मोज्याची टाच मनगटाच्या वरच्या बाजूला येईल असा हात घालायचा, बोटं आणि अंगठा यांच्यामध्ये मोजा आत खोचून तोंड करायचं आणि आत दुमडलेला लंबगोल पुठ्ठा बसवायचा. एकदा नीट केली की ती वर्षानुवर्षं टिकते.

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी माझी पसंती घडीच्या कागदी बाहुलीला. तिला एक कागद पुरतो, तोंड खरोखर उघडतं-मिटतं, आणि ती करताना ‘फोल्ड’ हा शब्द इतक्या वेळा येतो की शिकवावाच लागत नाही. कृती अशी:

१. ए-४ आकाराचा कागद उभा धरा. रुंदीचे तीन समान भाग करून दोन्ही बाजू मध्यावर दुमडा. साधारण ७ सेंटिमीटर रुंद अशी लांब पट्टी तयार होईल. उघडी कड चिकटपट्टीने बंद करा.

२. पट्टी लांबीत मधोमध दुमडा.

३. आता वरचं टोक मागे वळवून मधल्या घडीपर्यंत आणा. खालचं टोकही तसंच उलट्या बाजूने. बाजूने पाहिलं तर कागद नागमोडी दिसेल.

४. मागच्या बाजूला वर-खाली दोन खिसे तयार होतात. वरच्यात चार बोटं, खालच्यात अंगठा. हात उघडला की तोंड उघडतं.

चार भागांपैकी प्रत्येक साधारण साडेसात सेंटिमीटर लांब होतो आणि लहान हात त्यात बरोबर मावतो. वरच्या भागावर डोळे आणि केस, तोंडाच्या आत लाल कागद आणि लांब जीभ. पाच वर्षांच्या मुलांना पहिली घडी आधीच घालून द्या. तीन समान भाग करणं त्यांना कठीण जातं. बाकीच्या घड्या त्यांच्या त्यांना घालू द्या. वाकड्या आल्या तरी तोंड उघडतं.

छापील नमुना वाटून सगळ्यांकडून एकसारखी बाहुली करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. दिसायला न आवडण्यापेक्षा माझं कारण वेगळं आहे. पंचवीस बाहुल्या सारख्याच असतील तर ‘इट हॅज ग्रीन हेअर’ हे कोणी कोणाला का सांगावं? प्रत्येकाची वेगळी असली तरच वर्णनाला अर्थ येतो.

## शिक्षकाची बाहुली आधी येते

मुलांनी बाहुली करण्याच्या दोन-तीन दिवस आधी तुमची बाहुली वर्गात येऊ द्या. तिला नाव द्या, एखादी सवय द्या. झोपाळू असू दे, सतत भूक लागणारी असू दे, नाहीतर स्वतःचं नाक विसरणारी. आणि एक गोष्ट पक्की: तिला फक्त इंग्रजी येतं. तुम्ही दोन्ही भाषा बोलू शकता, ती बोलू शकत नाही. ती पिशवीत गेली की इंग्रजीची सक्तीही संपते.

ओठ न हलवता बोलायची काही गरज नाही. बोलणारे तुम्हीच आहात हे मुलांना ठाऊक असतं आणि त्यांना त्याची फिकीर नसते. गरज आहे ती नजरेची. बाहुली बोलते तेव्हा तुम्ही तिच्याकडे बघा. मुलंही तिच्याकडेच बघतील. ती एखाद्या मुलाशी बोलते तेव्हा तिचे डोळे त्याच मुलाकडे वळवा. छताकडे बघत बोलणाऱ्या बाहुलीवर कोणाचा विश्वास बसत नाही.

आवाज थोडाच बदला. चिरका आवाज काढला तर दहा मिनिटांत घसा दुखतो आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, उच्चार बिघडतात. मुलं ऐकणार ते इंग्रजी स्पष्ट हवं. आवाजापेक्षा लय बदला: जरा सावकाश, जरा आश्चर्याने.

पहिल्या भेटीत मुलांकडून बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. ‘टच युअर नोज’, ‘शो मी टू इअर्स’, ‘क्लोज युअर आइज’ अशा सूचना बाहुलीने द्याव्यात, मुलांनी तसं करावं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात नेमकी हीच पद्धत मांडली: आधी आज्ञा ऐकायची, अंगाने कृती करायची आणि बोलणं तयार झाल्यावर येऊ द्यायचं. बाहुली बनवण्याचं काम म्हणजे अशा आज्ञांची मालिकाच असल्यामुळे दोघांचं छान जुळतं. शिवाय चेहऱ्याचे सगळे शब्द कागद हातात येण्याआधीच मुलांच्या कानांना ओळखीचे होतात.

## टेबल असं मांडा की मागावंच लागेल

पुढे सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

आपली सवय अशी की प्रत्येक मुलाला सगळं साहित्य आधीच वाटून टाकायचं. शिस्त राहते, तास सुरळीत जातो आणि कोणालाच कोणाशी बोलावं लागत नाही. त्याऐवजी चार-चार मुलांचे गट करा. गटाला डिंकाची एकच बाटली, दोनच कात्र्या द्या. लोकर, डोळ्यांचे कागदी गोल, रंगीत कागदाचे तुकडे हे सगळं तुमच्याजवळ एका ‘दुकानात’ ठेवा. दुकानदार तुमची बाहुली. ती मागितल्याशिवाय देत नाही आणि मराठीत मागितलं तर मान वाकडी करून बघत राहते.

मुलाला वाक्य आठवलं नाही तर? बाहुली तशीच थांबते आणि तुम्ही स्वतःच्या आवाजात त्याच्या कानाशी हळूच सांगता: ‘ब्ल्यू पेपर, प्लीज.’ मूल तेवढंच म्हणतं आणि त्याला कागद मिळतो. ही कानगोष्ट फार उपयोगी आहे, कारण मुलाची चूक किंवा अडचण वर्गासमोर येत नाही. पुढच्या खेपेला कानात अर्धंच वाक्य सांगा. त्याच्या पुढच्या खेपेला फक्त पहिला शब्द.

वस्तू देताना बाहुलीने रोज तेच म्हणावं: ‘हिअर यू आर.’ आणि मुलाने ‘थँक यू’ म्हणेपर्यंत कागदाचं दुसरं टोक सोडू नये. मुलांना ही ओढाओढी भलतीच आवडते. काही दिवसांत गटातली मुलं आपसांत कात्री देतानाही ‘हिअर यू आर’ म्हणून टोक धरून ठेवू लागली तर समजा की वाक्य आता त्यांचं झालं.

मोठ्या मुलांसाठी दुकानदार मुद्दाम घोळ घालू शकतो. ‘ग्रीन वूल’ मागितली की निळी पुढे करायची. ‘नो! ग्रीन!’ असा जो आवाज येतो, त्यात जोर, सूर, आत्मविश्वास सगळं असतं. दोन डोळे मागितले की एकच द्यायचा. मूल आपोआप ‘टू! टू आइज!’ म्हणतं.

एक सावधगिरी. बाहुलीला मराठी कळत नाही हा खेळ आहे, नियम नव्हे. मुलाला शौचाला जायचंय, बोट कापलंय, कोणी रडतंय, अशा वेळी बाहुली ताबडतोब बाजूला ठेवा आणि त्याच्या भाषेत बोला. सुरक्षिततेच्या सूचनाही मातृभाषेतच द्या: कात्री बोथट टोकाची, चालताना हातात कात्री नाही, गरम गोंदाची बंदूक मुलांच्या हाती नाही. तीन वर्षांखालची भावंडं आसपास असतील किंवा एखाद्या मुलाला वस्तू तोंडात घालायची सवय असेल तर बटणं, मणी, चिकटवायचे छोटे डोळे अजिबात नकोत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. डोळे कागदाचेच करा किंवा रंगवा.

## प्रत्यक्ष तास

पहिल्या दिवशी फक्त घडी आणि डोळे. दुसऱ्या दिवशी केस, कान, जीभ. एकाच तासात पूर्ण करायचा हट्ट धरला तर शेवटी घाई होते, आणि घाईत सर्वांत आधी इंग्रजी गळतं. शिवाय डिंक वाळायला वेळ लागतोच.

तासाची सुरुवात हात रिकामे असताना करा. कागद न घेता हवेत घडी घाला: ‘फोल्ड, प्रेस, ओपन, टर्न इट ओव्हर.’ मुलंही हवेतच करतात. दोन-तीन वेळा झालं की मग कागद द्या. कागद हातात आल्यावर मुलं ऐकत नाहीत, हे लहान मुलांना शिकवणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

आता एकेक सूचना. सूचना द्या, स्वतः करून दाखवा, थांबा. एका वेळी एकच क्रियापद: ‘फोल्ड द पेपर. लाइक धिस. गुड. नाउ प्रेस.’ लांब वाक्यं टाळा. ‘आता आपण काय करणार आहोत तर...’ या धर्तीचं इंग्रजी मुलांच्या डोक्यावरून जातं आणि ती तुमचे हात बघून काम करतात. म्हणजे ऐकणं झालंच नाही. काही सूचना हात न दाखवता देऊन बघा. किती जणांना कळलं ते लगेच दिसतं.

घड्या झाल्या की दुकान उघडतं. इथून पुढे सूचना कमी करा आणि गटांमधून फिरा. मुलांचे हात कामात गुंतलेले असताना कानाशी केलेलं सहज बोलणं फार आत जातं. ‘ओ, यू हॅव रेड हेअर! लाँग रेड हेअर. व्हेअर इज द नोज? नो नोज?’ उत्तराची सक्ती नाही. मूल हसलं, बोट दाखवलं, ‘नोज’ एवढंच म्हणालं, तरी संवाद झाला. प्रत्येक मुलाजवळ एकदा तरी थांबून त्याच्या बाहुलीबद्दल दोन वाक्यं बोला.

लवकर काम संपवणारी मुलं प्रत्येक गटात असतात. त्यांना दुकानात मदतनीस करा. ‘व्हॉट कलर?’ आणि ‘हिअर यू आर’ ही वाक्यं आता त्यांची.

## बाहुलीचं तोंड कसं हलवावं

तयार झालेल्या बाहुलीला मुलं तोंड उघडं ठेवून फिरवतात किंवा वाट्टेल तसं फडफडवतात. बाहुली हातात धरणारी मोठी माणसंही हेच करतात. नियम साधा आहे: शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला तोंड एकदा उघडायचं. ‘कॅट’ला एकदा, ‘मंकी’ला दोनदा, ‘एलिफंट’ला तीनदा. आणि उघडताना वरची बोटं उचलण्यापेक्षा अंगठा खाली आणायचा, कारण बोलताना माणसाचाही खालचा जबडाच हलतो. बोटं उचलली तर दर शब्दाला बाहुलीचं डोकं मागे पडतं.

यातून इंग्रजी उच्चाराची एक अवघड गोष्ट हाताला कळते. इंग्रजी शब्दात एका तुकड्यावर जोर असतो आणि बाकीचे दबतात. मराठी बोलणाऱ्यांना हा फरक ऐकून चटकन लक्षात येत नाही, कारण आपण सगळे तुकडे जवळपास सारख्याच वजनाने म्हणतो. जोराच्या तुकड्याला तोंड मोठं उघडायचं, बाकीच्यांना जेमतेम. ‘एलिफंट’मध्ये पहिला तुकडा मोठा. ‘मंकी’त पहिला. ‘जिराफ’मध्ये दुसरा. ‘बनाना’ आणि ‘अम्ब्रेला’ यांत मधला. आधी तुमच्या बाहुलीने आवाज न करता नुसतं तोंड हलवून दाखवावं आणि मुलांनी ओळखावं: ‘मंकी’ की ‘जिराफ’? मग मुलांच्या बाहुल्यांनी तेच करावं. उच्चाराचा असा खेळकर सराव दुसऱ्या कशाने होताना मी पाहिलेला नाही.

बाहुलीची मर्यादाही ओळखा. तिला दात नाहीत आणि ओठ गोल होत नाहीत. ‘व्हॅन’च्या सुरुवातीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि ‘वन’च्या सुरुवातीला ओठ गोल होतात, ‘थ्री’साठी जिभेचं टोक दातांमध्ये येतं. हे दाखवायचं असेल तेव्हा बाहुली खाली ठेवून मुलांना तुमच्या तोंडाकडे बघू द्या.

## चुका झाल्या तर

मूल ‘इट हॅज टू आय’ म्हणालं. आपण पटकन ‘टू आइज’ म्हणतो आणि पुढे जातो. ही सवय फार सार्वत्रिक आहे. रॉय लिस्टर आणि लेला रँटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिक्षक चुकीचं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणण्याचा मार्ग सर्वांत जास्त वापरताना दिसले, आणि त्यावर मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळाला. ती मुलं आपल्या या मुलांपेक्षा थोडी मोठी होती, पण कारण लहानांनाही लागू पडतं: शिक्षकांनी दुरुस्त केलं की आपलं म्हणणं पोहोचलं असं वाटून मूल आपल्या कामाला लागतं, फरक त्याच्या ध्यानातच येत नाही.

बाहुलीकडे दुसरा मार्ग आहे. तिला खरोखर न कळण्याचा अधिकार आहे. ती गोंधळते: ‘टू... आय? वन आय? टू आइज?’ आता मुलाला निवड करावी लागते आणि बरोबर रूप त्याच्या स्वतःच्या तोंडून येतं. शिक्षकाने ‘काय म्हणालास?’ विचारलं तर मूल कानकोंडं होतं. विसरभोळ्या बाहुलीने विचारलं तर ते तिला समजावून सांगतं.

मात्र हे अधूनमधूनच. प्रत्येक वाक्याला बाहुली अडखळली तर मुलं कंटाळतात. ज्या वाक्यासाठी आजचा तास ठेवलाय तेवढ्याच वाक्यात अडखळा, बाकी चुका जाऊ द्या.

बाहुलीने चुका कराव्यात की नाही यावरही एक मत सांगते. वस्तुस्थितीच्या चुका भरपूर कराव्यात: लाल केसांना निळे म्हणावं, नाकाला कान म्हणावं. मुलं तुटून पडतात. व्याकरणाच्या चुका मात्र तिच्या तोंडी घालू नयेत. मुलांसाठी इंग्रजीचा नमुना तीच आहे, आणि ‘ही हॅव’ असं एकदा गमतीने म्हटलेलं सर्वांत पक्कं लक्षात राहतं.

## बाहुली बोलू लागते

तयार बाहुल्या घेऊन थेट नाटुकलं बसवायची घाई नको. आधी जोड्या. दोन मुलं समोरासमोर, दोन बाहुल्या. ‘हॅलो. व्हॉट्स युअर नेम?’ ‘आय अ‍ॅम...’ बाहुलीला मुलाने दिलेलं नाव इथे पहिल्यांदा जाहीर होतं. मग दर मिनिटाला जोडी बदला. तेच दोन प्रश्न आठ-दहा वेळा होतात, पण समोरची बाहुली दर वेळी नवी असल्यामुळे रटाळ वाटत नाही.

त्यानंतर ओळखण्याचा खेळ. पाच-सहा बाहुल्या टेबलावर ठेवा. तुमची बाहुली वर्णन करते: ‘इट हॅज लाँग हेअर. इट हॅज वन बिग इअर.’ मुलं शोधतात. दुसऱ्या फेरीला वर्णन एखादं मूल करतं.

नाटुकलं करायचंच असेल तर असं घ्या की ज्यात एकच वाक्य फिरून फिरून येतं. उदाहरणार्थ, बाहुलीचं नाक हरवलंय. ती एकेकाकडे जाते. ‘इज धिस माय नोज?’ ‘नो, इट्स अ बॉल.’ पुढच्याकडे. ‘इज धिस माय नोज?’ ‘नो, इट्स अ बटन.’ शेवटी नाक कोणाच्या तरी डोक्यावर, पुस्तकाखाली, खिडकीत सापडतं आणि सगळे ओरडतात, ‘यस! इट्स युअर नोज!’ मुख्य भूमिकेला एक वाक्य, बाकी प्रत्येकाला एक, आणि कोणी विसरलं तर सगळ्या वर्गाने सांगायचं. पाठांतर नको. वस्तू दर वेळी बदलल्या की मुलांना वाक्य समजून वापरावं लागतं.

पालकांसमोर कार्यक्रम करण्याची मागणी लवकरच येते. मी ती शक्य तितकी लांबवते. कार्यक्रम ठरला की मोकळं बोलणं बंद होऊन पाठांतर सुरू होतं आणि ज्या मुलाला बाहुलीमागे लपून बोलायची सवय लागत होती, ते पुन्हा गप्प होतं.

## अडचणीची मुलं, अडचणीच्या बाहुल्या

काही मुलं आठवडेच्या आठवडे बोलत नाहीत. नवी भाषा शिकताना असा मूक काळ अनेक मुलांच्या वाट्याला येतो आणि त्या काळात ती ऐकत असतात. त्यांच्याकडून ‘बोल, बोल’ करून काही निघत नाही. त्यांच्या बाहुलीला मान हलवायचं काम द्या. हो-नाहीचे प्रश्न विचारा. किंवा तुमच्या बाहुलीच्या कानात त्यांच्या बाहुलीने कुजबुजावं; काय ऐकलं ते तुमची बाहुली मोठ्याने सांगेल. कुजबुज ऐकू आली नाही तरी चालतं.

एखाद्या मुलाला बाहुल्यांची भीती वाटते, विशेषतः मोठ्या तोंडाच्या. बाहुली जवळ नेऊ नका. तुमची बाहुली पिशवीतून हळूच डोकावणारी, स्वतःच लाजाळू असू द्या. आणि बाहुलीच्या तोंडाने चावणं, मारणं हे तर होणारच. तोंड असलेल्या बाहुल्या चावतात, यात मुलांचा दोष नाही. त्या चावऱ्या बाहुलीला तुमची बाहुली सांगते: ‘ओह नो! आय अ‍ॅम नॉट फूड!’ सगळे हसतात आणि चावणाऱ्याला नवं वाक्य मिळतं. तरीही थांबलं नाही तर बाहुली थोडा वेळ खोक्यात झोपायला जाते: ‘गुड नाइट.’

इंग्रजी आधीच येणारं एखादं मूल सगळ्यांच्या वतीने बोलू लागतं. त्याच्या बाहुलीला ‘विसरभोळी’ ठरवा. आता तिला दुसऱ्यांना प्रश्न विचारावे लागतात, उत्तरं देता येत नाहीत.

## बाहुल्या घरी पाठवू नका, निदान इतक्यात

काम झालं की बाहुली घरी द्यायची पद्धत आहे. घरी गेलेली बाहुली बहुधा परत येत नाही. एक खोकं ठेवा, त्यावर ‘पपेट हाउस’ लिहा, आणि महिनाभर दर तासाची पहिली पाच-सात मिनिटं तिथे घालवा. हवामान विचारायला, दिवस सांगायला, नवा शब्द पहिल्यांदा म्हणायला बाहुली बाहेर येते. मुलाने बाहुली मागतानाही इंग्रजीतच मागायची: ‘कॅन आय हॅव माय पपेट, प्लीज?’ नावाची चिठ्ठी मागच्या खिशाच्या आत चिकटवा, बाहेर नको. म्हणजे ‘हूज पपेट इज धिस?’ हा प्रश्न खरा राहतो.

कागदी बाहुल्या दोन आठवड्यांत फाटू लागतात. नवीन करून देऊ नका. दुरुस्तीचा एक तास ठेवा. तो मूळ तासापेक्षाही चांगला जातो, कारण शब्द आता ओळखीचे असतात आणि अडचण प्रत्येकाची वेगळी असते. तुमची बाहुली डॉक्टर होते. मूल आपली बाहुली घेऊन येतं. ‘व्हॉट्स द मॅटर?’ ‘द इअर इज ब्रोकन.’ ‘डू यू नीड टेप ऑर ग्लू?’ ‘टेप, प्लीज.’ डॉक्टर चिकटपट्टी देतात, चिकटवायचं काम मुलानेच करायचं. रांगेत थांबलेली मुलं पुढच्याचं बोलणं ऐकत असतात, म्हणून बोलक्या मुलांना आधी आणि कमी बोलणाऱ्यांना रांगेत मागे ठेवा; तोवर त्यांनी ते वाक्य पाच-सहा वेळा ऐकलेलं असतं. या रांगेत कोण काय म्हणतं ते तुमच्या त्याच कार्डाच्या मागे टिपून ठेवा: कोणी एक शब्द म्हटला, कोणी पूर्ण वाक्य, कोणाला अजून कानगोष्ट लागते. पुढच्या महिन्याची वाक्यं त्यावरून ठरवता येतात.